कास्ट आयर्न बुलेटला टर्बो: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

यंदा माझ्या अंगणात टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) लावून बिघडलेली तीन इंजिनं आली. तिन्ही जुन्या 350 बुलेटची, कास्ट आयर्न ब्लॉकची. एकाच्या पिस्टनला मधोमध भोक पडलेलं, दुसऱ्याचा बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा) बुश गेलेला. तिसऱ्याचं इंजिन धड होतं, पण टर्बोचा शाफ्ट निळा पडून जागीच अडकला होता. तिघांचा क्रम सारखाच: कबाडात टर्बो स्वस्तात मिळाला, तो आणला, पाइप वेल्ड केला, किक मारली. इंजिन उघडून बघायची पाळी सगळ्यात शेवटी आली, तीही ते फुटल्यावर.

या लेखात कामं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करा. टर्बो सहाव्या टप्प्यावर येतो. आकडे 70 मिमी बोअर, 90 मिमी स्ट्रोकच्या, म्हणजे 346 सीसीच्या इंजिनाचे आहेत आणि टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब (बूस्ट) 0.35 बारपर्यंतच, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत 5 पीएसआय. या इंजिनावर त्यापुढे जाऊ नये असं माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही.

आधी एक इशारा: आरसीवर लिहिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. त्यामुळे टर्बो लावलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही. हे काम स्टँडवरचं, खाजगी आवारातलं आणि डायनोवरचं (गाडी जागेवरच लोड देऊन चालवायचं यंत्र).

## 1. उघडण्याआधी मोजून ठेवा

इंजिन गरम करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन गेजने दाब घ्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्या. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा-ब्लॉक घासले आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह गळतात. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. पुढे काही बिघडलं तर तुलनेला हाच आधार असतो, आणि नेमका हाच कोणाकडे नसतो.

बुलेटच्या हेडमधला डिकॉम्प्रेसर व्हॉल्व्ह विसरू नका. त्याची सीट गळत असेल तर सगळं माप खोटं येतं.

## 2. खालचं अंग

ब्लॉक काढल्यावर पिस्टन वरच्या टोकाच्या थोडा खाली ठेवा, कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडा हलला तर चालतो. वर-खाली मात्र टिचकीएवढाही खेळ नको. जुन्या बुलेटमध्ये बिग एंडला तरंगता बुश असतो, आणि तो तेल आणि बारीक काम या दोन्हींच्या भरवशावर जगतो. टर्बो लावायचा असेल तर मी तो बदलून रोलर बेअरिंगचा बिग एंड बसवतो.

क्रँक जोडून आल्यावर ट्रू (एका सरळ रेषेत) झाला की नाही, हे आपल्या डोळ्यांनी बघा. मी नागपुरात हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवर जातो. तिथला म्हातारा कारागीर डायल गेज लावून क्रँक सावकाश फिरवतो आणि काटा बघत बसतो. मागच्या वेळी माझा जुना बुश हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, हा तं गोलच नाही राहिला ना. याच्यावर टर्बो लावून राहिले का तुम्ही?" दोन्ही बाजूंच्या मेनशाफ्टवर काटा 0.05 मिमीच्या आत फिरला पाहिजे. 0.03 आला तर पैसे देताना कुरकुर करू नका.

तपासणी: क्रँक केसमध्ये बसवल्यावर एका बोटाने फिरला पाहिजे. एखाद्या ठिकाणी जड लागला तर पुढे जायचं नाही.

केसचा ब्रीदरही आत्ताच साफ करा. दाब वाढला की रिंगांजवळून खाली जाणारा वायूही वाढतो. ब्रीदरची बदकचोचीसारखी रबरी नळी कडक झालेली असेल तर नवी घाला, नाहीतर तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर येईल.

## 3. ब्लॉक, रिंगा आणि कॉम्प्रेशन

बोअरिंग पिस्टन हातात आल्यावरच करायचं, आधी नाही. पिस्टन आणि ब्लॉकमधली फट पिस्टन बनवणाऱ्याने जी लिहिली असेल तिच्यात 0.02 ते 0.03 मिमी वाढवा. फोर्ज्ड पिस्टन मिळाला तर उत्तम. ओतीव पिस्टन 0.35 बारला टिकतो, पण नॉकिंग झालं (मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपोआप भडकलं) तर तो माफ करत नाही. ब्लॉक आधीच दोनदा ओव्हरसाइज झालेला असेल तर दुसरा ब्लॉक शोधा.

रिंगांची फट इथली नेहमीची चूक आहे. साध्या इंजिनाला 70 मिमी बोअरसाठी 0.28 ते 0.30 मिमी ठेवतात. टर्बोत रिंग जास्त तापते, जास्त लांबते. टोकाला टोक भिडलं की रिंग ब्लॉक ओरबाडते किंवा पिस्टनची कड तोडते. वरच्या रिंगला 0.40, दुसरीला 0.45 ठेवा. रिंग ब्लॉकमध्ये पिस्टननेच ढकलून सरळ बसवा, फिलर गेज घाला, मग बारीक कानशीने घासा. एकाच बाजूने, बाहेरून आत.

आता कॉम्प्रेशनचं प्रमाण. आपल्याला 6.5 हवं आहे. हिशोब सोपा: 346 ला 5.5 ने (6.5 वजा 1) भागा, 62.9 सीसी येतात. पिस्टन वरच्या टोकाला असताना वर एवढी जागा उरली पाहिजे. ही जागा पत्रकावरून घेऊ नका, मोजा. पिस्टनच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, हेड कसा, प्लगचं भोक सगळ्यात वर येईल असं इंजिन तिरपं करा आणि 50 मिलीच्या सिरिंजने रॉकेल मिसळलेलं पातळ तेल भरा. प्लगच्या आट्या सुरू होतात तिथपर्यंत किती मावलं ते लिहा. ओव्हरसाइज पिस्टन असेल तर 346 च्या जागी तुमचा आकडा घ्या.

समजा 55.4 सीसी भरले, म्हणजे कॉम्प्रेशन 7.25 निघालं. मग साडेसात सीसी वाढवायचे आहेत. ब्लॉकखाली 1 मिमी जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी दिली की 3.85 सीसी वाढतात, म्हणजे 2 मिमी पुरते. पण ब्लॉक 2 मिमी वर गेला की पुशरॉड तेवढेच आखूड पडतात. बुलेटमध्ये टॅपेटचं अॅडजस्टिंग पुशरॉडच्या खालच्या टोकाला असतं. ते 2 मिमी उघडल्यावर आट्या पुरेशा अडकलेल्या आहेत का ते बघा. नसतील तर पुशरॉड लांब करून घ्या. पॅकिंगवर पॅकिंग रचून कॉम्प्रेशन कमी करणारे लोक आहेत. ते पॅकिंग पहिल्या लोडला फुटतं.

## 4. हेड

व्हॉल्व्ह गाइड सैल असतील तर बदला, सीट कापून लॅपिंग करा, मग पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटं ठेवा. थेंब दिसला तर पुन्हा. पॅकिंग म्हणून सलग तांब्याचा पत्रा वापरा. तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका म्हणजे मऊ होतो. नट आडवे-तिडवे, तीन-चार फेऱ्यांत कसायचे.

टॅपेट थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना: पुशरॉड दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा किंचित मोकळा.

## 5. टर्बोशिवाय हजार किलोमीटर

हा टप्पा सगळे गाळतात. नवीन रिंगा, नवा बिग एंड, नवं बोअरिंग, हे सगळं साध्या कार्बोरेटरवर, साध्या सायलेन्सरवर 800 ते 1000 किमी चालवा. पहिलं तेल 100 किमीलाच बदला आणि जुन्या तेलात चुंबक फिरवून बघा. बारीक राखाडी भुकटी ठीक आहे, चमकणारे कण दिसले तर इंजिन पुन्हा उघडा.

नंतर पुन्हा कॉम्प्रेशन घ्या, वहीत लिहा. इथे काही आवाज असेल, कुठे तेल गळत असेल, गाडी उतारावर फटफटत असेल, तर टर्बो ते बरं करणार नाही.

## 6. टर्बो निवडताना

346 सीसीचं चार स्ट्रोक इंजिन 5000 आरपीएमला मिनिटात 2500 वेळा श्वास घेतं. म्हणजे 865 लिटर, प्रत्यक्षात 700 च्या आसपास. एवढीशी हवा मोठ्या टर्बोला जागंही करत नाही. कबाडात सगळ्यात सहज मिळतो तो 1248 सीसी डिझेल गाड्यांचा; तो इथे निव्वळ वजन आहे. सेलेरिओ डिझेलचं इंजिन 793 सीसीचं, दोन सिलिंडरचं होतं. शोधायचाच तर त्याचा टर्बो शोधा. तोही थोडा मोठाच पडतो, पण चालतो.

विकत घेताना शाफ्ट बोटांनी धरा. आडवा किंचित हलेल, कारण तेल नसताना बेअरिंग मोकळं असतं. पंखा घराच्या भिंतीला टेकला, किंवा शाफ्ट आत-बाहेर सरकला, तर परत ठेवा. डिझेलपेक्षा पेट्रोलचा एक्झॉस्ट जास्त गरम असतो, म्हणून डिझेलच्या टर्बोवर फुल लोड काही सेकंदांपुरताच द्यायचा. टर्बाइनच्या तोंडाशी तापमान मोजायचा प्रोब लावा. मी 750 अंशांवर हात मागे घेतो.

वेस्टगेट, म्हणजे दाब ठरावीक झाला की जादा एक्झॉस्ट टर्बोबाहेरून सोडणारं दार, नक्की तपासा. डिझेल टर्बोचा अॅक्च्युएटर आपल्याला हवा त्याच्या कितीतरी वरच्या दाबाला उघडतो. गेज असलेला पायाचा हवापंप त्याच्या नळीला लावा आणि सळी कधी हलते ते बघा. 0.35 ला हलली पाहिजे. नाही हलली तर हलक्या स्प्रिंगचा अॅक्च्युएटर लावा. बूस्ट कंट्रोलर लावून दाब स्प्रिंगच्या खाली आणता येत नाही. त्याने दाब फक्त वाढवता येतो. पिस्टनला भोक पडलेल्या गाडीची गोष्ट हीच होती.

## 7. टर्बोचं तेल

बुलेटच्या टायमिंग कव्हरमधले पंप बिग एंडपुरते ठीक आहेत. ते तेल पोहोचवतात, पण दाबाने नाही. टर्बोच्या बेअरिंगला आयडलिंगलाही साधारण 0.7 बार आणि लोडवर 2 बारच्या वर दाब हवा. इंजिनाच्या तेलाला टी मारून टर्बोला देणं म्हणजे बिग एंडच्या तोंडचं काढून टर्बोला उपाशी ठेवणं. शाफ्ट निळा पडलेल्या गाडीत हेच झालं होतं.

टर्बोचं तेल पूर्ण वेगळं ठेवा: दीड-दोन लिटरची टाकी, 12 व्होल्टचा तेलाचा पंप, फिल्टर, छोटा कूलर, दाबाचं गेज आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी. जुन्या बुलेटच्या वायरिंगवर हा भार टाकू नका.

बसवताना टर्बोचं मधलं अंग असं फिरवा की तेल वरून आत येईल आणि सरळ खाली पडेल. आत येणारी नळी बारीक, दाबाची. बाहेर जाणारी किमान 12 मिमी आतून, सतत उताराची, वळण नको, आणि टाकीतल्या तेलाच्या पातळीच्या वर सोडलेली. टर्बोतून तेल दाबाने निघत नाही, नुसतं गळतं. त्याला थोडा जरी चढ मिळाला तर ते आतच साठतं आणि सीलमधून टर्बाइनकडे जातं.

माझ्या पहिल्या इंजिनाची ही नळी मी फ्रेमच्या वरून नेली होती, दिसायला नीट म्हणून. दुसऱ्याच मिनिटाला सायलेन्सरमधून असा पांढरा धूर निघाला की समोरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या आणि पोरांना आत हाकललं. त्यांना वाटलं, डासांच्या फवारणीची गाडी आली. सील बदलून झाले, धूर तसाच. नळी खालून घेतली, धूर बंद.

तपासणी: इंजिन बंद ठेवून पंप पाच मिनिटं चालवा. टाकीत परत पडणारी धार अखंड दिसली पाहिजे.

## 8. पाइप आणि हवेची टाकी

चार-साडेचार किलोचा टर्बो एक्झॉस्ट पोर्टवर टांगायचा नाही. बुलेटचा पाइप पोर्टला नुसता ढकलून बसवलेला असतो. टर्बोचं वजन स्टँडच्या ब्रॅकेटवर घ्या आणि मधे एक लवचिक बेलोज द्या, नाहीतर तापून वाढलेला पाइप वेल्डिंगलाच तडा देईल.

एकच सिलिंडर असल्याने इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं, टर्बो मात्र अखंड देत असतो. मधे साठा हवा. टर्बो आणि कार्बोरेटरच्या मधे इंजिनाच्या किमान पाचपट, म्हणजे पावणेदोन लिटरची टाकी द्या. 3 मिमी जाडीचा लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा पाइप, दोन्ही टोकं वेल्ड. इतवारीच्या लोहा ओळीत तुकडा सहज मिळतो. पीव्हीसी पाइप मुळीच नको. तो तापून मऊ पडतो, आणि कार्बोरेटरमधून उलटा भडका आला तर त्याच्या ठिकऱ्या उडतात. टाकीवर 0.5 बारला सुटणारा रिलीफ व्हॉल्व्ह असलाच पाहिजे.

टर्बोच्या हवेच्या तोंडावर जाळी लावा. बोटांसाठी.

## 9. पेट्रोल

लोक सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतात, कारण एक साधा हिशोब करत नाहीत. पेट्रोलची टाकी कार्बोरेटरच्या 30 सेंमी वर असेल तर पेट्रोलचा स्वतःचा दाब भरतो 0.02 बार. कार्बोरेटरमध्ये हवा 0.35 बारने ढकलली जात असेल तर पेट्रोल आत येणारच नाही, उलट टाकीकडे ढकललं जाईल. बूस्ट आला की गाडी कोरडी पडते (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि मालक जेट मोठा करत बसतो.

क्रम असा. कार्बोरेटरच्या फ्लोटच्या भांड्याला जेवढ्या हवेच्या नळ्या आहेत त्या सगळ्या हवेच्या टाकीला जोडा, म्हणजे भांड्यातही तोच दाब राहील. ओव्हरफ्लोची नळी बंद करा. मग बूस्टप्रमाणे वाढणारा, परतीच्या नळीचा रेग्युलेटर लावा: पेट्रोलचा दाब बूस्टपेक्षा नेहमी 0.2 बार वर, म्हणजे पूर्ण बूस्टला 0.55. यापेक्षा जास्त दिला तर फ्लोटची सुई धरत नाही आणि पेट्रोल वाहतं. कार्बोरेटरसाठी मिळणारे छोटे विजेचे पंप इथे अपुरे पडतात. 1 बार सहज देणारा घ्या.

आता कार्बोरेटर दाबून तपासा. इंजिनाकडची बाजू रबराने बंद करा, हवेच्या बाजूने पायपंपाने 0.3 बार भरा आणि साबणाचं पाणी लावा. स्लाइडच्या टोपीतून, केबलच्या भोकातून, चोकच्या दांड्यातून बुडबुडे येतील. प्रत्येक जागा ओ-रिंग लावून बंद करा. दाबाखाली तिथून नुसती हवा नाही, पेट्रोलचा फवाराही येतो, आणि खाली तापलेला ब्लॉक असतो.

इशारा: पेट्रोल पंपाचा बंद करायचा स्विच हाताच्या अंतरावर, आणि अग्निशामक सिलिंडर त्याच्या बाजूला. दोन्ही नसतील तर किक मारू नका.

पंपावर आता ई20 मिळतं. त्यात इथेनॉल असल्याने त्याच हवेला जास्त इंधन लागतं. जुन्या जेटवर इंजिन कोरडं चालेल. शिवाय टाकीच्या नळाचं कॉर्क, जुने रबर आणि पाइप आधीच बदलून घ्या. मिश्रण बघायला वाइडबँड लॅम्डा सेन्सर हवाच. तो टर्बाइनच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला लावा; आधी लावला तर दाबामुळे चुकीचं वाचतो. बूस्टमध्ये लॅम्डा 0.80 ते 0.82 (1 म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर, त्याच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त).

## 10. ठिणगी

प्लॅटिन पॉइंटवर हे काम होतं, पण पॉइंट थरथरला की टायमिंगही थरथरतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा. डिग्रीची चकती आणि स्ट्रोब लाइटने सध्याचा पूर्ण अॅडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) मोजा, मग त्यातून 5 अंश कमी करा. साधारण एका पीएसआयला एक अंश.

प्लग एक पायरी थंड घ्या. इथे हमखास गोंधळ होतो: एनजीकेमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड, बॉशमध्ये आकडा लहान तर प्लग थंड. गॅप 0.5 मिमी.

आपल्या नागपूरचा हिशोब वेगळा धरा. मे महिन्यात दुपारी 45 अंश असताना कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर 0.35 बारला इंजिनात जाणारी हवा 92 अंशांच्या आसपास पोहोचते. डिसेंबरच्या सकाळी 12 अंशांत तीच हवा 55 ला असते आणि जास्त घट्ट असते. म्हणून टायमिंग मे महिन्यातल्या दुपारी ठरवा, तेव्हा नॉकिंगची भीती सर्वांत जास्त. जेट मात्र डिसेंबरच्या पहाटे तपासा, तेव्हा मिश्रण सर्वांत कोरडं होतं. एकाच दिवशी दोन्ही ठरवलं तर दुसऱ्या ऋतूत इंजिन जाईल.

## 11. पहिली किक

मोकळ्या जागेत, शटर उघडं. बंद खोलीत धूर जीव घेतो. आधी तेलाचा पंप, गेजवर दाब, मग पेट्रोलचा पंप, मग किक. पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवून प्रत्येक सांध्यावर टॉर्च फिरवा.

इथे बरेच जण निराश होतात, कारण गेजचा काटा हलत नाही. स्टँडवर कितीही ताणलं तरी लोड नसताना बूस्ट येत नाही. एक्झॉस्टमध्ये टर्बो फिरवण्याएवढी ताकदच नसते. रिकाम्या इंजिनाला 6000 पर्यंत ओढून काटा हलवायचा प्रयत्न करू नका. बूस्ट डायनोवर बघायचा. तिथे पहिला ओढा 0.1 बारवर सोडायचा, लॅम्डा आणि तापमान बघायचं, मग 0.2, मग 0.35. प्रत्येक ओढ्यानंतर दोन मिनिटं थांबा. खडे डब्यात हलवल्यासारखा आवाज आला की त्या क्षणी थ्रॉटल बंद. टायमिंग 2 अंश मागे घेतल्याशिवाय पुन्हा नाही.

बंद करताना इंजिन आधी, तेलाचा पंप दोन-तीन मिनिटांनी. रात्री तसंच सोडा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा तपासा, टॅपेट बघा, प्लग काढा. पोर्सेलीनवर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक ठिपके दिसले तर नॉकिंग झालेलं आहे, तुम्हाला ऐकू आलं असो वा नसो. दहाव्या टप्प्यावर परत जा.